गव्हाणीसाठी मूठभर कुटार

आगमनकाळाचा पहिला रविवार



आजपासून आगमनकाळ सुरू होत आहे. वेदीवर जांभळे वस्त्र आले आहे, चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटली आहे आणि आजच्या शुभवर्तमानात प्रभू आपल्याला जागे राहण्यास सांगत आहे. मिस्सा संपल्यावर बाहेर अंगणात मात्र वेगळेच बोलणे सुरू होईल. यंदा तारा कुठून आणायचा, दिव्यांच्या माळा वर्ध्याला स्वस्त मिळतात की नागपूरला, मागच्या वर्षीचे प्लास्टिकचे झाड माळ्यावरून काढायचे की नवे घ्यायचे. यात वाईट काही नाही. ज्या घरी पाहुणा यायचा असतो त्या घराची झाडलोट होणारच. म्हणून आज सजावटीवरच बोलावे असे आम्ही ठरवले आहे. कोणी म्हणेल, 'फादर, हा काय प्रवचनाचा विषय झाला?' होय, झाला. आणि तो आम्हाला याच धर्मग्रामातल्या एका लहान मुलाने शिकवला.

एक बंद दार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही इथे नवे होतो. तरुणांच्या उत्साहाला वाव मिळावा म्हणून आम्ही नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा जाहीर केली. 'सर्वांत आकर्षक गोठ्यास पारितोषिक' हे शब्द आमचेच होते. नाताळच्या आठवड्यात परीक्षकांना घेऊन आम्ही घरोघर फिरलो. कुठे चकचकीत कागदाचे डोंगर होते, कुठे रंग बदलणारे दिवे, तर एका ठिकाणी मोटर लावून धबधबा सोडला होता. आम्ही कौतुक केले, गुण दिले.

एका घराचे दार बंद होते. आत दिवा दिसत होता, बोलण्याचा आवाजही येत होता. आम्ही हाक मारली, थोडे थांबलो आणि यादीत 'घरी नाहीत' असे लिहून पुढे गेलो.

नववर्षाच्या मिस्सानंतर त्या घरची माय भेटली. खाली मान घालून म्हणाली, 'फादर, त्या दिवशी आम्ही घरीच होतो जी. पण आमच्याइथं दाखवासारखं काई नोतं. पोरानं कुटारा-मातीचं केलं होतं काईबाई. लोकं हासतीन म्हणून मीच दार लावून घेतलं.'

त्याच संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. खाटेखाली गोठा होता. तुराट्यांच्या चार खांबांवर पळसाच्या पानांचे छप्पर, खाली मूठभर कुटार. वावरातल्या काळ्या मातीची मरिया आणि योसेफ होते. माती वाळताना दोघांनाही भेगा पडल्या होत्या. बैल म्हणून पोराने तान्ह्या पोळ्याचा आपला लाकडी नंदी उभा केला होता, गळ्यातल्या घुंगरासकट. आणि गव्हाणीच्या जागी नारळाची करवंटी, तिच्यात कापसाचा एक बोळा. तोही कवडीचा कापूस, ज्याला बाजारात कोणी विचारत नाही. आम्ही विचारले, 'अरे, बाळ येशू कुठे आहे?' पोरगा म्हणाला, 'हाये ना फादर. निजला हाये. कापसात गुंडाळला, म्हणून दिसत नाई.'

भाविकहो, त्या रात्री आम्हाला नीट झोप आली नाही. बेथलेहेमात उतारशाळेत जागा नव्हती म्हणून दार बंद झाले होते. आमच्या पुलगावात तर गोठा तयार होता, बाळ निजले होते, आणि तरी दार बंद झाले ते आमच्या स्पर्धेमुळे. आम्ही 'आकर्षक' हा शब्द उच्चारला आणि एका आईला स्वतःच्या लेकराच्या हातच्या कामाची लाज वाटली. प्रभूपुढे ही आमची चूक आहे आणि आपल्यापुढे ती कबूल करायला हवी होती. ती आज करतो.

ग्रेच्चोची रात्र

आपण जो गोठा मांडतो त्याची परंपरा संत फ्रान्सिस असिसीकर यांच्याकडे जाते. 1223 सालचा नाताळ. इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरगावात संत फ्रान्सिसने आपल्या ओळखीच्या योहान नावाच्या एका गृहस्थाला सुमारे पंधरा दिवस आधी निरोप धाडला. बेथलेहेमात त्या बाळाला किती गैरसोय सोसावी लागली, ते गवतावर कसे निजले, हे आपल्या डोळ्यांनी पाहायची त्याची इच्छा होती. योहानने काय जमवले? एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव. बस. आसपासचे लोक मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले, त्या गव्हाणीवर मिस्सा झाली आणि फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन उपदेश केला.

संताचे पहिले चरित्र लिहिणारा सेलानोचा थॉमस हे सारे वर्णन करतो. त्यात मूर्तींचा उल्लेख नाही. मरियेची नाही, योसेफाची नाही, बाळाचीही नाही. गव्हाण रिकामी होती. पण तिथे असलेल्या एका सज्जन माणसाला त्या गवतावर निजलेले बाळ दिसले, असे चरित्रकार लिहितो. तो पुढे आणखी एक गोष्ट सांगतो. ते गवत लोकांनी जपून ठेवले आणि आजारी गुराढोरांना खाऊ घातल्यावर ती बरी झाली. म्हणजे जगातल्या त्या पहिल्या गोठ्याची सजावट शेवटी जनावरांच्या पोटात गेली, आणि त्यांच्या उपयोगी पडली!

आमच्या त्या पोराने ग्रेच्चोचे नाव ऐकलेले नव्हते. पण बाळ आहे, निजले आहे, म्हणून दिसत नाही, हे त्याचे उत्तर ग्रेच्चोच्या रात्रीतलेच आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस 1 डिसेंबर 2019 रोजी स्वतः ग्रेच्चोला गेले आणि गोठ्याच्या अर्थाविषयीच्या प्रेषितीय पत्रावर त्यांनी तिथे सही केली. गोठा कसा मांडला यापेक्षा तो आपल्या जीवनाशी बोलतो की नाही हे महत्त्वाचे, असा त्या पत्राचा आशय आहे. आपल्या घरच्या गोठ्याला हाच प्रश्न विचारून पाहावा. तो पुलगावातल्या आपल्या जगण्याशी काही बोलतो का?

हाताशी असेल ते

देवाचा पुत्र जगात आला तेव्हा त्याने सोबत काय आणले? काहीच नाही. स्वर्गातून पाळणा आला नाही, गादी आली नाही. देवाने इथलेच घेतले. एका खेड्यातल्या मुलीकडून देह घेतला, एका सुताराकडून नाव आणि घर घेतले, एका अनोळखी माणसाकडून गव्हाण घेतली. संत लूक दोनच वस्तूंची नोंद करतो: बाळंते आणि गव्हाण. एक आईच्या हातातली, दुसरी जनावरांच्या पुढ्यातली. हाताशी जे होते ते पुरे, असे देवाने म्हटले. देहधारणेचे रहस्य फार खोल आहे, पण त्याची ही बाजू लहान मुलालाही कळते.

जुन्या करारातही हेच दिसते. निर्गमच्या पुस्तकात देव मोशेला निवासमंडप उभारण्यास सांगतो, आणि त्यासाठी बसालेल नावाच्या एका कारागिराला आपल्या आत्म्याने भरून टाकतो. राजाला नव्हे, सेनापतीला नव्हे, हाताने काम करणाऱ्याला! त्याच पुस्तकात स्त्रिया स्वतःच्या हातांनी सूत कातून आणतात, लोक घरातून काही ना काही घेऊन येतात, आणि शेवटी इतके जमते की 'आता पुरे' असे मोशेला सांगावे लागते. तो मंडप साऱ्यांच्या हातून उभा राहिला होता.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा ॲरिस्टॉटलची चार कारणे पाठ करावी लागत. संत थॉमस अक्वायनस यांनीही ती आपलीशी केली आहेत. कोणतीही वस्तू घ्या, तिच्याविषयी चार प्रश्न विचारता येतात. ती कशाची आहे? तिचा आकार कोणता? ती कोणी केली? आणि ती कशासाठी आहे? आता दारावरच्या ताऱ्याला हे प्रश्न विचारू. दुकानातला तारा कशाचा आहे ते आपल्याला नीट सांगता येत नाही, आणि तो कोणी केला हे तर मुळीच नाही. आपण त्यात फक्त पैसे घातलेले असतात. तुराटीचा तारा घरी करा, आणि घरातले चार वर्षांचे पोरही चारही उत्तरे देईल. 'हा आपल्या वावरातल्या तुराट्यांचा आहे. त्याला पाच टोके आहेत. तो मी आणि आबांनी केला. आणि येशूबाळाला आपले घर सापडावे म्हणून आहे.' एवढे ज्या लेकराला सांगता आले त्याला अर्धे धर्मशिक्षण मिळाले असे समजा.

विकतचा तारा लावणे पाप आहे असे कृपा करून कोणी समजू नये. डेपोतून पाळी संपवून रात्री घरी येणाऱ्या बापाने वाटेत एक तारा विकत घेतला आणि लेकरांनी उड्या मारल्या, तर त्या घरातही नाताळच येतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की ज्याला विकत घेता येत नाही त्याला कमी वाटू नये, आणि ज्याला येते त्यानेही हाताने काही करण्याचा आनंद गमावू नये.

आपल्या शेजारचा एक ख्रिस्ती

याच वर्धा जिल्ह्यात एका ख्रिस्ती माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षे या विचारासाठी दिली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा. 1892 साली तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, लंडनला हिशेब तपासनीसाचे शिक्षण घेतलेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम पाहू लागले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, चूल, गावातल्या गावात जे होईल ते नीट कसे करावे याचे प्रयोग तिथे चालत. त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले, आणि प्रभू येशूच्या शिकवणुकीवरही एक पुस्तक लिहिले. त्यांच्या विचाराचा गाभा साध्या भाषेत असा: काही वस्तू साठ्यातून येतात, साठा संपला की संपतात; काही वस्तू प्रवाहातून येतात, दर हंगामाला पुन्हा उगवतात. जो माणूस प्रवाहातून घेतो तो पुढच्या पिढीचे हिरावून घेत नाही. तुराटी प्रवाहातली आहे. प्लास्टिक साठ्यातले आहे.

वर्ध्याहून सेवाग्राम जवळच. तिथली बापू कुटी आपण पाहिली असेल. माती, बांबू, लाकूड, सारे आसपासचे. पण ती कुटी ओकीबोकी नाही. मीराबेन यांनी तिच्या भिंतीवर मातीच्याच उठावात ताडाची झाडे, मोर आणि चरखा काढला आहे. भिंत मातीची आणि अलंकारही मातीचा. साधे म्हणजे रूक्ष नव्हे, हे ती भिंत पाहिली की समजते.

आता आमच्या मनातली एक गंमत सांगतो. आपण नाताळच्या झाडावर कापूस लावतो आणि त्याला बर्फ म्हणतो. ज्या गावात गिरणीच्या भोंग्यावर घरोघरचे घड्याळ चालत असे, ज्या गावाभोवती डिसेंबरात बायाबापड्या पहाटे कापूस वेचायला निघतात, त्या गावात कापसाला बर्फ म्हणायचे! युरोपातल्या नाताळात बर्फ पडतो म्हणून तिथले लोक बर्फ दाखवतात. आपल्या नाताळात कापूस फुटतो. तेव्हा यंदा कापूस हा कापूस म्हणूनच गोठ्यात येऊ द्या. तो कोणाच्या घामाचा आहे हे आपल्याला ठाऊक आहे. भाव पडला की कोणत्या घरात चूल मंदावते तेही ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी किती दारांवर दुःख आले ते आम्ही वेगळे सांगायला नको. त्या कापसात गुंडाळलेले बाळ आपल्या दुःखात गुंडाळलेले आहे.

यंदा घरी काय करावे

आता थोडे कामाचे बोलू. सारे काही वावरात, अंगणात किंवा बाजाराच्या रस्त्यावर मिळेल.

तारा. मागच्या हंगामाच्या तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या घ्या. एका मापाच्या पाच काड्या पाटीवर एका रेघेत चांदणी काढतो तशा एकमेकींवर ठेवून टोकांना सुतळीने बांधा. अशा दोन चांदण्या करा, एकीवर दुसरी ठेवून पाचही टोके एकत्र बांधा. मधे जिथे काड्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी बोटभर लांबीच्या काड्या उभ्या अडकवा, म्हणजे तारा फुगतो. वर पतंगी कागद, तो नसेल तर जुने वर्तमानपत्र. चिकटवायला कणकेची किंवा मैद्याची शिजवलेली खळ पुरते. दिवाळीचा आकाशकंदील ज्यांनी केला आहे त्यांना हे सांगायलाही नको.

माळा. कापूस वेचून झाल्यावर झाडावर रिकामे बोंड राहते ते जवळून पाहा. चार-पाच टोके बाहेर वळलेली, वाळून तपकिरी झालेली. तो ताराच आहे. वेचणाऱ्या बायांची बोटे याच टोकांनी ओरखडतात. अशी बोंडे दोऱ्यात ओवून दारावर लावा. मध्ये झेंडूची फुले, ज्वारीचे एखादे कणीस, सागाची वाळलेली फळे शोभतात. गुंजा मात्र वापरू नका. दिसायला सुंदर, पण बी विषारी आहे आणि घरात लहान मुले असतात.

मूर्ती. आपली काळी माती वाळली की भेगाळते. तिच्यात बारीक कुटार आणि थोडे शेण मिसळून चांगली मळा आणि सावलीत हळूहळू वाळू द्या. चूल घालणाऱ्या आयाबायांना हे गणित माहीत आहे, त्यांना विचारा. तरीही भेग पडली तर पडू द्या. बैल म्हणून तान्ह्या पोळ्याचा नंदी आहेच. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. पोळ्याला दारोदार फिरलेला तो नंदी नाताळात गव्हाणीशेजारी उभा राहिला तर त्याला अनोळखी वाटणार नाही.

ज्यांच्याकडे वावर नाही, जे डेपोच्या क्वार्टरमध्ये राहतात, त्यांनी काय करावे? शिंदीच्या जुन्या फड्याच्या काड्या, लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, नदीकाठची मूठभर वाळू. आणि आपापल्या गावाकडची रीत. केरळातून आलेली कुटुंबे नारळाच्या कोवळ्या पानांची नक्षी करतात. ती इथल्या शिंदीच्या पानांवर करून पाहा आणि आमच्या मुलांनाही शिकवा.

तीन गोष्टी सांभाळा. जिवंत फांद्या तोडू नका, आणि दुसऱ्याच्या वावरातून विचारल्याशिवाय काडीही उचलू नका. थर्माकोल नको. मार्च 2018 पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि नाताळनंतर उकिरड्यावर जळणाऱ्या थर्माकोलचा धूर लेकरांच्या छातीत जातो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुटार, कापूस, तुराटी यांना क्षणात आग लागते. गोठ्यात किंवा ताऱ्यात पणती वा मेणबत्ती ठेवू नका, छोटा विजेचा दिवा लावा. पणत्या अंगणात, रांगोळीभोवती. पुलगावकरांना आगीविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

एक वाटी गहू

शेवटची सजावट सर्वांत स्वस्त आहे आणि तीच आम्हाला सर्वांत प्रिय आहे. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात 4 डिसेंबरला, म्हणजे संत बार्बरा हिच्या स्मृतिदिनी, बशांत गहू पेरतात आणि नाताळच्या दिवशी ती हिरवी रोपे मेजावर व गोठ्यात ठेवतात. आपल्याला ही रीत परकी वाटू नये. नवरात्रात शेजारपाजारी घटाभोवती धान्य उगवलेले आपण पाहतोच. गहू एक रात्र भिजत घाला, कापडात बांधून मोड येऊ द्या आणि वाटीतल्या मातीवर पसरा. रोज थोडे पाणी शिंपडा, कोवळ्या उन्हात ठेवा. फार वाढून पडायला लागला तर कात्रीने वरून छाटा.

संत बार्बरेचा आपल्या गावाशी एक नाते सांगता येईल असा संबंध आहे. परंपरेनुसार तोफखान्यातल्या सैनिकांची आणि दारूगोळ्याशी काम करणाऱ्यांची ती आश्रयदाती संत आहे. 31 मे 2016 च्या त्या रात्री आपल्या डेपोत आग लागली आणि ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान व लष्करी अधिकारी परतले नाहीत. 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या ठिकाणी स्फोट झाला, त्यात सहा जणांचे प्राण गेले. पोटासाठी मजुरीला गेलेले लोक त्यात होते. त्यांच्यापैकी कोण कोणत्या धर्माचा हा प्रश्नच नाही. त्या घरांतही डिसेंबर येतो. म्हणून येत्या 4 डिसेंबरला घरातल्या सर्वांनी मिळून गहू पेरावा, आणि पेरताना त्या कुटुंबांसाठी आणि आज तिथे कामावर असलेल्या प्रत्येकासाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणावे.

या वाटीत आगमनकाळाचा सारा अर्थ आहे. तारा 24 तारखेच्या संध्याकाळीही विकत आणता येतो. हा हिरवा गहू मात्र त्या दिवशी कितीही पैसे मोजले तरी तयार करता येत नाही. त्यासाठी तीन आठवडे आधी आठवण ठेवावी लागते, रोज उठून पाणी द्यावे लागते, वाट पाहावी लागते. प्रभूने जागे राहा म्हटले ते हेच. आणि गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हेही त्यानेच सांगितले आहे. ज्याच्या जन्मासाठी आपण गहू पेरणार, तोच वेदीवर भाकरीच्या रूपाने आपल्या हाती येतो. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचे घर असा आहे.

यंदा स्पर्धा नाही

म्हणून यंदा आपल्या धर्मग्रामात गोठ्यांची स्पर्धा होणार नाही. गुण नाहीत, पहिला-दुसरा नाही. त्याऐवजी असे करू. चर्चमध्ये एकच गोठा होईल आणि तो सर्वांचा असेल. येत्या तीन रविवारी प्रत्येक घरातून एक मूठ काहीतरी आणावे. कुटार, माती, तुराटी, बोंड, पळसाची पाने. दुकानातले नको, घरचे. प्रार्थनेत अर्पण चढवतो त्या वेळी ते पुढे आणावे. नाताळच्या रात्री प्रत्येक घराने आपली गव्हाची वाटी वेदीच्या पायरीवर ठेवावी. प्रभुप्रकटीकरणाचा सण झाला की सारा गहू आणि कुटार गुरांना घालू, माती वावरात परत जाईल. ग्रेच्चोच्या लोकांनी केले तसेच.

घरोघर आम्ही येणारच आहोत, पण यादी आणि पेन घरी ठेवून. तेव्हा कृपा करून दार बंद करू नका. भिंतीला रंग नसेल, गोठा खाटेखाली असेल, बाळ दिसत नसेल, तरी चालेल. आणि ज्यांच्या घरी पुष्कळ दिवे आहेत त्यांना आमची एक विनंती. आपल्या वॉर्डात कोणते दार बंद राहते ते आठवा, आणि आपल्या लेकरांना घेऊन त्या घरी 'तुमचा गोठा पाहायला आलो' म्हणून जा. हसायला नव्हे, गुडघे टेकायला. मेंढपाळ असेच गेले होते. त्यांनाही तिथे पाहण्यासारखे फारसे काही नव्हते, एक बाळ होते.

हे प्रभू येशू, तू आमच्या हाताशी जे आहे ते स्वीकारतोस. आमच्या भेगाळलेल्या मातीची तुला लाज वाटत नाही, तेव्हा आम्हालाही एकमेकांची लाज वाटू देऊ नकोस. ज्या घरात यंदा पीक बुडाले, ज्या घरात खुर्ची रिकामी झाली, ज्या घराचे दार आमच्यामुळे बंद झाले, तिथे तू आधी जा. आम्ही मागून येतो. आमेन.

आपणां सर्वांना आगमनकाळाच्या प्रार्थनापूर्वक शुभेच्छा.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू